साथीत कॅन्सरचं कुठलं काम थांबवता येतं?

छावणीकर: इंदूरच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलसाठी साथीच्या काळातली कार्यपद्धती लिहितोय. धार, देवास, खंडव्याचे पेशंट बसने येतात. २०२० च्या मार्च ते मे मध्ये देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांत नवी नोंदणी आदल्या वर्षापेक्षा ५४ टक्क्यांनी घटली होती. हे पेशंट गेले कुठे? आणि स्टाफ निम्माच असला तर आधी काय सांभाळायचं?

स्लाइडवाले काका: गाठ घेऊन घरीच बसले, दुसरं काय! लक्षणं नसलेल्यांची तपासणी शिबिरं दोन-तीन महिने लांबली तरी चालतं. पण तीन आठवडे न भरलेला तोंडातला व्रण किंवा पाळी गेल्यावरचा रक्तस्राव त्याच यादीत टाकू नका. गुटखा खाणाऱ्याला फोनवरच विचारा, तोंडात तीन बोटं उभी जातात का? नसतील जात तर तोंड उघडणं कमी झालंय, त्याला बोलवा.

छावणीकर: आणि बायोप्सी, म्हणजे तपासायचा तुकडा, तालुक्याला घेतली, पुढे गाडीच नाही, तर?

स्लाइडवाले काका: तुकड्याच्या दहापट फॉर्मलिन (तुकडा टिकवणारं द्रावण) घाला. तुकडा त्यात कधी टाकला ती वेळ बाटलीवर लिहा, हे हमखास राहतं. स्तनाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ६ ते ७२ तासच ठेवायचा. त्याहून जास्त राहिला तर ईआर, पीआर, हर-टू या तपासण्यांचे (कुठलं औषध लागू पडेल ते यांवरून ठरतं) निकाल भरवशाचे राहत नाहीत. जवळच्या लॅबमध्ये पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) करून घ्या. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, सावकाश पाठवा.

लिनॅक: माझ्या मते चालू रेडिएशन सगळ्यांत आधी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरचं रेडिएशन आणि ब्रॅकी (आतून दिलेलं रेडिएशन) मिळून आठ आठवड्यांत संपवायचं असतं. खंड पडला की कॅन्सरच्या वाचलेल्या पेशी तेवढ्यात वाढतात, चुकलेले दिवस नुसते शेवटी जोडून भागत नाही. शनिवारी मशीन चालवा, नाहीतर एका दिवशी दोन फ्रॅक्शन (रेडिएशनचे हप्ते), मध्ये किमान सहा तास. स्तनाच्या निवडक पेशंटना १५ ऐवजी ५ फ्रॅक्शन, एकूण २६ ग्रे (रेडिएशनचं माप), आठवड्यात मोकळे.

डे-केअर सिस्टर: लिनॅकदादा, त्याच्याही आधी ताप. केमोनंतर ७ ते १४ दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला असतात. तेव्हा १००.४ ताप आला आणि गेटवरच्याने पेशंटला फीव्हर क्लिनिकच्या रांगेत लावलं, की संपलंच. वेगळी खोली, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणं), आणि तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस; आरटीपीसीआरच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. केमोची तारीख लिहिलेलं कार्ड पेशंटच्या खिशात हवं, ते गार्डलाही वाचता आलं पाहिजे. केमोपोर्टचं (केमोसाठी त्वचेखाली बसवलेली डबी) महिन्याचं फ्लशिंग, म्हणजे नळी धुणं, तीन महिन्यांवर नेता येतं. पिकला (दंडातून घातलेली लांब नळी) ती सवलत नाही, दर आठवड्याला करावंच लागतं.