लाइनवर दोन कर्णबधिर मुलं येतायत, काय तयारी करावी?

भोसरीकर_सुपरवायझर
आमच्याकडे वायरिंग हार्नेसची असेंब्ली आहे, दीडशेच्या आसपास माणसं. पुढच्या महिन्यात दोन कर्णबधिर मुलं लाइनवर येणार, आयटीआय झालेली. मॅनेजर म्हणतात, 'लिहून दाखवा, झालं.' मला तेवढ्यावर भागेल असं वाटत नाही. हूटर वाजला तर? फोर्कलिफ्ट मागून आली तर? शिवाय लाइनवरची पोरं चेष्टा करणार ते वेगळंच. कुणाला अनुभव?

एचआर_नाशिक
आधी कागद बघा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे 20 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपनीलाही समान संधी धोरण लागतं. ते वेबसाइटवर टाकायचं, नाहीतर सहज दिसेल अशा जागी लावायचं. संपर्क अधिकारीही नेमायचा. रास्त सोय, म्हणजे काम करता यावं म्हणून लागणारे वाजवी बदल, नाकारणं हा त्या कायद्यात भेदभावच आहे. मॅनेजरना एवढं दाखवा, खर्चाची सही लवकर मिळेल.

सातारा_सीएनसी
मी स्वतः कर्णबधिर. सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला, तोवर लिहा-बोलायला शिकलो होतो, म्हणून हे मराठी लिहितोय. शेजारच्या मशीनवरचा माझा मित्र जन्मापासूनचा. त्याची भाषा खुणांची, तिचं व्याकरण निराळं. 'सेटिंग बदलल्याशिवाय पार्ट लावू नकोस' असं लिहून दिलं तर तो मान हलवेल आणि पार्ट लावेल. करून दाखवा, मग त्यांच्याकडून करून घ्या. सेफ्टी ट्रेनिंगला मात्र दुभाषा बोलवाच. मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठी काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, तिथे चौकशी करा.

हूटरला लाल फ्लॅशर जोडा. टॉयलेटमध्येसुद्धा, ते सगळे विसरतात. फोर्कलिफ्टच्या वाटेकडे पाठ होईल असं स्टेशन देऊ नका. आग लागली तर खांद्याला हात लावून बाहेर कोण नेणार, ते नावानिशी ठरवा, दोन्ही शिफ्टचं.

लाइनवरची पोरं चेष्टा करतील याची फार काळजी करू नका. खुणा ती पटकन उचलतात, शिव्यांच्या तर सगळ्यात आधी. खरा त्रास मीटिंगचा. सकाळी सगळे हसतात, मी विचारलं की 'काही नाही रे, नंतर सांगतो'. ते नंतर कधी उगवत नाही. ओव्हरटाइमची यादी तोंडी ठरते, आम्हाला कळेपर्यंत भरलेली असते. ती बोर्डावर लावा. टीम लीडरच्या जागेलाही 'फोनवर बोलावं लागतं' म्हणून आमचं नाव कापतात, आणि दिवसभर सगळी कामं चालतात व्हॉट्सअॅपवर!

भोसरीकर_सुपरवायझर
टॉयलेटचं खरंच डोक्यात नव्हतं. पण ओठ वाचता येत असतील ना? आणि सेकंड शिफ्टच्या बसचं काय? ड्रायव्हर स्टॉपवर आला की फोन करतो.

सातारा_सीएनसी
ओठांवर भरवसा नको. मास्क, मिशी, तोंडातला गुटखा, काहीही आड येतं. एखाद्याला थोडं ऐकूही येत असेल, म्हणून दोघांना वेगवेगळं विचारा. ड्रायव्हरला मेसेज करायला सांगा. आणि गेटवरच्या वॉचमनशी पहिल्याच दिवशी गाठ घालून द्या. मागून 'ए, थांब' ओरडला आणि पोरगा थांबला नाही, की चोर समजून कॉलर धरतात.