उरुग्वेत यर्बा माते कोणते घ्यावे? मदत हवी आहे

नमस्कार. नोकरीनिमित्त मी सध्या माँतेविदेओला राहते. इथे काखेत थर्मास आणि हातात माते (यर्बा म्हणजे वाळवून दळलेल्या पानांवर गरम पाणी ओतून नळीने ओढून प्यायचे पेय) घेतलेली माणसे बसथांब्यापासून कचेरीपर्यंत सर्वत्र दिसतात, आणि सहकाऱ्यांच्या संगतीने मलाही या पेयाची मनापासून गोडी लागली आहे. आता घरी स्वतः करून प्यायचे आहे, पण दुकानात निर्णय होत नाही. उरुग्वेतली, कानारियास या ब्रँडसारखी यर्बा ब्राझीलमध्ये पिकलेली, बारीक दळलेली आणि जवळजवळ बिनकाड्यांची असते, त्यामुळे ती दाट आणि कडू उतरते. अर्जेंटिनाच्या बऱ्याच पाकिटांत मात्र पानांसोबत काड्या असतात आणि चव सौम्य लागते. कडूपणाला माझी हरकत नाही, साखरही नको आहे. परंतु बारीक भुकटी नळीत अडकून ओढणेच थांबते. शिवाय मला पित्ताचा त्रास आहे. जाणकारांनी कृपया सांगावे, सुरुवात कोणत्या यर्बाने करावी आणि पाणी किती तापवावे?

प्रतिसाद:
पित्ताचा त्रास असेल तर काड्या असलेली अर्जेंटिनाची यर्बा घ्यावी आणि रिकाम्या पोटी पिऊ नये, कारण यात कॅफीन असते. तिथे पाने वाळवून बरेच महिने मुरवतात, त्यामुळे कच्चा हिरवट वास उरत नाही. काही यर्बा लाकडाच्या धुरावर वाळवलेली असते. तो वास आवडत नसल्यास बिनधुराची मागावी.

नळी तुंबण्याचे कारण बहुधा भरण्याच्या पद्धतीत असते. भोपळ्याचे भांडे दोन तृतीयांश भरावे, तोंडावर तळवा ठेवून उलटे करून हलवावे, म्हणजे भुकटी तळव्याकडे येते. मग भांडे तिरके धरून यर्बा एका बाजूला उतरती ठेवावी, खोलगट बाजूला कोमट पाणी घालून ती भिजू द्यावी, आणि नळीचे तोंड अंगठ्याने बंद करून ती तिथेच तळाशी बसवावी. त्यानंतर ती अजिबात ढवळू नये. ढवळले की सगळे बिघडते. पुढचे पाणी नळीजवळ, त्याच जागी थोडे थोडे ओतावे, म्हणजे वरची यर्बा कोरडी राहते आणि चव बराच वेळ टिकते.

पाणी ७० ते ८० अंश सेल्सिअस पुरे. उकळत्या पाण्याने सारा कडूपणा पहिल्याच घोटात उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून गरम पेये कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरवली आहेत, म्हणून घोट घेण्याआधी क्षणभर थांबावे.

आपल्या नळीच्या तळच्या गाळणीला भोके आहेत की स्प्रिंग, हे कळवल्यास कोणती यर्बा तिला मानवेल ते सांगता येईल.