रात्री प्रार्थनेची वही लिहिताना अडकतेय, मदत हवी आहे

सर्वांना सलाम. रोज रात्री वही लिहिते, कॅथलिक संत इग्नेशियसच्या पद्धतीने, म्हणजे आधी उपकारस्तुती, मग प्रकाश मागायचा, दिवस आठवायचा, चुकलेल्याची क्षमा आणि शेवटी उद्यासाठी कृपा. पहिल्या दोन पायऱ्या छान होतात पण दिवस आठवायला लागलं की नुसता अहवाल होतो, कोण काय बोललं, ऑफिसात काय झालं, आणि प्रभूशी बोलणं तिथेच थांबतं. मला तर ते बोलणंच हवंय, बाकी डायरी नाही झाली तरी चालेल.

बायबलमधलं स्तोत्र 119 हाताने उतरवून पाहिलं, त्याचे 22 भाग, प्रत्येकात 8 वचनं, त्यामुळे रोज एक भाग मस्त बसतो आणि वचन मनात राहतं, पण माझ्या दिवसाशी जोडलं जात नाही. प्रत्येक वाक्य ‘हे प्रभू’ने सुरू केलं तर ओढूनताणून वाटतं.

वेळ पंधरा-वीस मिनिटंच, अ‍ॅप नको, मराठीतच लिहायचंय. माझी मंडळी (चर्च) प्रोटेस्टंट आहे पण कॅथलिक पद्धतही चालेल.

जे नियमित लिहितात त्यांनी प्लीज सांगा, त्या तिसऱ्या पायरीत तुम्ही सगळा दिवस लिहिता की एकच प्रसंग, आणि तो प्रार्थनेकडे नेमका कसा वळवता?