डुकरं खोकतायत: स्वाइन फ्लू की स्वाइन फीवर? (निफाड)

कादवाकाठ:
निफाड तालुक्यात ४० डुकरांचं शेड आहे. ४ माद्या (दोन गाभण), १ नर, बाकी २५ ते ६० किलोची वाढती. परवा सकाळी एका कप्प्यातल्या तिघांनी दाणा सोडला, काल संध्याकाळपर्यंत २० पडून. कुत्रं भुंकावं तसा कोरडा खोकला, नाकातून पातळ पाणी, उठवलं की धाप. मर अजून नाही. कडाक्याच्या थंडीमुळे शेड चारही बाजूंनी प्लास्टिकने बंद केलंय. खायला मक्याचा भरडा आणि पिंपळगावच्या हॉटेलांचं खरकटं. कामावरच्या माणसाला चार दिवसांपूर्वी सर्दी-ताप होता. शेजारी म्हणतात स्वाइन फ्लू आहे, काढून टाका. व्यापारी टेम्पो घेऊन यायला तयार आहे. विकावीत का? इंजेक्शन कोणतं? शेड कशाने धुवू?

पशुवैद्य_सिन्नर:
टेम्पो आधी थांबवा. एकही जनावर आत-बाहेर नको. नावातल्या गोंधळामुळे फार नुकसान होतं, म्हणून ते आधी स्पष्ट करतो. स्वाइन फ्लू हा इन्फ्लुएन्झा आहे. दोन-तीन दिवसांत सगळं शेड आडवं होतं, पण मर थोडी असते आणि बहुतेक जनावरं पाचव्या ते सातव्या दिवशी परत दाण्यावर येतात. स्वाइन फीवर हे वेगळे विषाणू आहेत, क्लासिकल आणि आफ्रिकन. त्यात खोकला हे मुख्य लक्षण नसतं. कान, पोट, मागच्या मांड्यांवर जांभळे चट्टे, मागचा भाग डळमळणं, डोळे चिकटणं, आधी बद्धकोष्ठ मग हगवण, आणि मरीचा आकडा रोज चढत जाणं ही त्याची चाल. क्लासिकलवर लस आहे. आफ्रिकन २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमधून देशात आला, त्याच्यावर उपचारही नाही. तुमचं वर्णन फ्लूकडे झुकतं, पण फोटो आणि वर्णनावर निदान होत नाही. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. संसर्गजन्य रोगाचा संशय कळवणं २००९ च्या कायद्यानुसार मालकाचं कर्तव्यच आहे.

डॉक्टर येईपर्यंत ताप मोजा. डिजिटल थर्मामीटरला तेल लावा, गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकवून धरा. शेणात टोक रुतलं तर आकडा खोटा येतो, आणि पळवून पकडलेल्या जनावराचाही चढा येतो, म्हणून पडलेलं असतानाच घ्या. साधारण १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट नेहमीचं, फ्लूत १०५ ते १०७ जातं. मेंढ्यांवर खूण करायच्या रंगाने पाठीवर आकडा टाका आणि सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. कोण कधी पडलं हे त्या वहीतूनच कळतं.

नमुना नाकातला स्वॅब. ताप चढल्यापासून पहिल्या तीन दिवसांत, नाकातून पाणी येणाऱ्या ३ ते ५ ताज्या आजारी जनावरांचा. दहा दिवस खोकणाऱ्याच्या नाकात विषाणू सहसा मिळत नाही. स्वॅब विषाणू टिकवणाऱ्या खास द्रावणात आणि बर्फावर जातो. सुका कापूस किंवा घरच्या फ्रीजरमध्ये गोठवलेली नळी नको. स्वाइन फीवरसाठी रक्तही घेतील.

इंजेक्शनचं म्हणाल तर विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. ते मागून येणाऱ्या न्यूमोनियासाठी, म्हणजे नाकातला स्राव पिवळा-घट्ट झाला, किंवा उतरलेला ताप परत चढला तर, आणि तेही डॉक्टरांनी ठरवून. तापाला मेलॉक्सिकॅम किलोला ०.४ मिलिग्रॅम. ६० किलोच्या जनावराला २४ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रति मिली बाटलीतलं ४.८ मिली, कानामागे मानेत. मांडीत टोचू नका. निदान होईपर्यंत प्रत्येक जनावराला नवी सुई, कारण स्वाइन फीवर रक्तातून सुईवर बसून पुढच्या जनावरात जातो.

थंडगोठा:
डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं बरोबर. आता शेडचं बोलतो.

प्लास्टिक आजच वरून सोडा. दोन्ही लांब बाजूंना छपराखाली एक फूट फट मोकळी, खालचे साडेतीन-चार फूट बंद राहू द्या. म्हणजे अंगावर झोत येत नाही आणि वाफ वर निघून जाते. पारख अशी: कप्प्यात उकिडवे बसा, डुकराच्या नाकाच्या उंचीवर, दोन मिनिटं. डोळे चुरचुरले तर अमोनिया जास्त आहे. उभ्या माणसाला तो कळत नाही. त्याच हवेत सुजलेली फुप्फुसं चोवीस तास श्वास घेतायत.

खोकला चालू असताना पाइप लावून शेड धुऊ नका. ओली फरशी आणि निफाडची पहाट मिळून न्यूमोनिया ओढवतो. फावड्याने कोरडं खरवडा आणि गव्हाचा भुसा किंवा भाताचा पेंढा चार बोटं जाड घाला.

पाणी मोजा. डुकरं पाणी पितात त्या नळाच्या निपलखाली लिटरची बाटली मिनिटभर धरा. वाढत्या जनावराला एक लिटर भरली पाहिजे, दूध पाजणाऱ्या मादीला दोन. आजारी जनावर निपलपर्यंत जात नाही, म्हणून पडल्या जागी उथळ घमेल्यात कोमट पाणी, दिवसातून पाच-सहा वेळा. खरकटं आता बंदच. त्यातलं मीठ, लोणचं आणि पोटात पाणी नाही, या जोडीने डुकराला मिठाची विषबाधा होते. डोकं वर करून झटके येतात आणि लोक त्याला रोगाचंच लक्षण समजतात. पुढे कधी घालायचंच तर ढवळत, ९० अंश सेल्सिअसवर पूर्ण एक तास शिजवून. स्वाइन फीवर खरकट्यातल्या डुकराच्या मांसाच्या तुकड्यातूनही येतो. कच्चं खरकटं आणणारं पिंप शेडच्या आत येऊ नये.

दारात टब: १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. गमबूट आधी साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा, मगच टबमध्ये. शेण लागलेल्या बुटावर क्लोरीन शेणातच संपतो. रोज बदला, गढूळ झालं की लगेच. संडास साफ करायचं ॲसिड त्यात कधी पडू देऊ नका, विषारी वायू निघतो. द्राक्षाच्या फवारणीचा पंप इथे आणू नका, औषधाचा अंश राहतोच. वेगळा हातपंप ठेवा.

कादवाकाठ:
प्लास्टिक सोडलं. सकाळचे ताप १०५.४ ते १०६.८, आडवे २७. काल पडलेल्यांपैकी दोघं घमेल्यातलं पाणी पितायत. डॉक्टर दुपारी येतायत. एका गाभण मादीचे कान निळसर दिसतात, त्याने घाबरलोय.

पशुवैद्य_सिन्नर:
धाप मोठी असेल तर फ्लूतही कानाची टोकं निळी पडतात. अंगठ्याने दाबा: रंग क्षणभर फिका होऊन परत आला तर बहुधा प्राणवायूची कमतरता. दाबूनही न हलणारे लाल-जांभळे ठिपके म्हणजे कातडीत रक्त उतरलंय. ही नुसती खूण आहे, तिच्यावर विसंबू नका. मादीचं रक्त घ्यायला आठवण करा. ती बाकीच्यांपासून वेगळ्या, कोरड्या कप्प्यात. फ्लूच्या चढ्या तापानेही गर्भ टाकला जातो. पडलेला गर्भ हातमोजे घालून प्लास्टिकमध्ये ठेवा, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका. नर बरा झाला तरी पाच-सहा आठवडे त्याच्यावर भरवसा ठेवू नका, तापाने वीर्य बिघडतं.

एखादं मेलं तर फाडू नका. डॉक्टर नमुना घेईपर्यंत झाकून ठेवा, मग सहा फूट खड्डा, वर कळीचा चुना. विहिरीपासून आणि कादवेपासून लांब.

आरोग्यसेविका_ओझर:
माणसांकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहिते. फ्लू माणसाकडून डुकरालाही जातो. २००९ च्या साथीचा एच१एन१ हा फ्लूचा विषाणू माणसांकडून अनेक देशांतल्या डुकरांत गेला होता. तुमच्या कामगाराला ताप आल्यापासून सात दिवस शेडबाहेर ठेवा, निदान अंगणातलं काम द्या आणि मजुरी कापू नका. कापली तर पुढच्या वेळी तो ताप लपवून येईल. आत जाणारा एकच माणूस, एन-९५ मास्क, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. गरोदर बाई, पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं आणि दमा-मधुमेह असलेले आत नकोत. कुणाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना आधी सांगा की घरी खोकणारी डुकरं आहेत. त्यांच्या सल्ल्याने ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर उपयोग जास्त. नीट शिजवलेल्या मांसातून फ्लू होत नाही, हे गावातही सांगा.

पशुवैद्य_सिन्नर:
ताईंचं एकदम बरोबर. अहवालात फ्लूच निघाला तर नवी पिल्लं आणण्याची घाई नको. लहान कळपात विषाणू आपोआप विझतो, पण प्रतिकारशक्ती नसलेलं नवं पिल्लू आत आलं की तो पुन्हा फिरतो. शेवटचा खोकला थांबल्यावर चार आठवडे थांबा. मग आणलेलं जनावर ३० दिवस वेगळ्या शेडमध्ये, वेगळ्या बादली-फावड्याने, आणि रोज सगळ्यांत शेवटी त्याच्याकडे जायचं. क्लासिकल स्वाइन फीवरची लस निरोगी असतानाच टोचून घ्या. आज तापात कुणालाही टोचू नका.