आई-वडिलांसाठी घरपोच किराण्याची भरवशाची सेवा कशी निवडावी?

प्रश्न – दूरस्थ_मुलगा

माझे आई-वडील डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतात. इमारतीला लिफ्ट नाही आणि दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे तेलाचा डबा किंवा दहा किलो पीठ वर चढवणे आता त्यांच्याच्याने होत नाही. मी बंगळुरूहून त्यांच्यासाठी वाणसामान मागवतो. सध्याच्या सेवेकडून मागच्या खेपेला आलेल्या रव्याची मुदत संपायला आठवडाही उरला नव्हता, शिवाय हवी ती तूरडाळ नाही म्हणून न विचारता दुसरीच पाठवली गेली. तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले, पण ते बँकेत न येता त्यांच्याच ॲपमधल्या खात्यात जमा झाले, म्हणजे पुढची खरेदीही तिथेच करणे आले.

सामान दहा मिनिटांत यावे अशी आमची मुळीच अपेक्षा नाही. दोन दिवसांनी आले तरी चालेल, सवलतही नको. माल नीट असावा, माप पुरे असावे आणि काही चुकले तर दाद लागावी, एवढेच हवे आहे. नेमके काय तपासून सेवा ठरवावी?

उत्तर – लेबल_वाचक

आपण कंपनीच्या नावापासून सुरुवात करू नका, बिलापासून करा. ॲप एका कंपनीचे आणि प्रत्यक्ष विक्रेता दुसराच, असे पुष्कळदा असते. बिलावर विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि चौदा अंकी एफएसएसएआय (देशाची अन्न सुरक्षा नियामक संस्था) परवाना क्रमांक असतो. 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे. फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की परवाना कोणाच्या नावाचा, कुठल्या पत्त्याचा आणि अजून चालू आहे की नाही, हे समजते. ही खबरदारी अनाठायी नाही. जून 2025 मध्ये आपल्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत धारावीतल्या आणि पुण्यात बालेवाडीतल्या, ॲपवरचा माल जिथे साठवून घरोघर पाठवतात अशा केंद्रांवर कारवाई केली होती, आणि ती दोन्ही केंद्रे घराघरांत ठाऊक असलेल्या सेवांची होती.

मुदतीबाबतही एफएसएसएआयची सूचना स्पष्ट आहे: माल ग्राहकाच्या हाती पडताना मुदतीचा किमान 30 टक्के काळ किंवा 45 दिवस शिल्लक असावेत. त्यामुळे रव्याच्या बाबतीत आपली तक्रार रास्तच होती. आई-वडिलांना एवढेच सांगा की पाकीट डब्यात ओतण्याआधी तारखेचा फोटो आपल्याला पाठवावा. एकदा पाकीट टाकून दिले की पुरावाही गेला.

मापाचे म्हणाल, तर तेलाकडे विशेष लक्ष द्या. एक लिटर सूर्यफुलाचे तेल साधारण 910 ग्रॅम भरते, पण हल्ली तेवढ्याच आकाराच्या दिसणाऱ्या पिशवीत 850 ग्रॅम किंवा त्याहूनही कमी तेल असते. समजा 850 ग्रॅमची पिशवी 136 रुपयांना आहे आणि 910 ग्रॅमची 141 रुपयांना. पहिली पाच रुपयांनी स्वस्त दिसते, पण किलोमागे हिशेब केला तर ती 160 रुपये पडते आणि दुसरी सुमारे 155. जी सेवा वस्तूच्या पानावर निव्वळ वजन, किलोमागचा दर, उत्पादक आणि मूळ देश ठळकपणे दाखवते, तिच्यावर माझा विश्वास लवकर बसतो. हे तपशील चार वेळा बोट फिरवल्यावर सापडत असतील, तर मी त्या सेवेच्या वाटेला जात नाही.

उत्तर – गोदामातला_माणूस

मी अशाच एका केंद्रात मागण्या भरून घेण्याचे काम पाहिले आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. माल भरणाऱ्या मुलाच्या हातातल्या यंत्रावर कप्प्याचा क्रमांक येतो आणि सेकंद मोजले जातात. जुन्या तारखेचा माल पुढे ठेवण्याची पद्धत सगळीकडेच असते आणि ती मुळात योग्यही आहे, पण मुदत संपत आलेला माल वेळेवर बाजूला काढणारा माणूस केंद्रात आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. त्यामुळे एकाच कंपनीचे एका भागातले केंद्र उत्तम आणि दुसऱ्या भागातले गबाळे असू शकते. पुण्यातल्या कोणाच्या अनुभवावरून डोंबिवलीचा निर्णय घेऊ नका; आई-वडिलांच्या शेजाऱ्यांना विचारा.

परीक्षाच घ्यायची असेल, तर पहिली मागणी लहान ठेवा आणि तीत गोठवलेले मटार, पनीर, कोथिंबीर आणि एखादी सुटी डाळ घ्या. मटाराची पिशवी हातात घेतल्यावर दाणे मोकळे लागले पाहिजेत. त्यांचा एकसंध गोळा झाला असेल, तर ते मध्येच वितळून पुन्हा गोठले असण्याची दाट शक्यता आहे, आणि ज्यांना मटार सांभाळता येत नाहीत त्यांच्याकडचे दूध-पनीरही मी घेणार नाही.

बदली मालाबाबत बहुतेक ॲपमध्ये पर्याय असतो. तिथे ‘बदली नको, पैसे परत करा’ असे निवडून ठेवा.

उत्तर – संघाची_सभासद

वरची माहिती उपयुक्त आहे, पण केवळ ॲपचाच विचार का करावा? मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हे काम करीत आहे. परिसरातली कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची यादी आधी देतात, पंचायत एकत्रित खरेदी करते आणि सामान संघातल्या एका घरी उतरते. तिथे सभासद ते वाटून घेतात. माल निवडून घेतलेला असतो आणि त्यात खोट निघाली तर सांगायला ओळखीची माणसे असतात. अडचण एवढीच की संघातल्या घरून तिसऱ्या मजल्यापर्यंत सामान कोणीतरी आणून द्यावे लागेल, आणि यादीबाहेरची वस्तू मध्येच मिळत नाही. धान्य, डाळी, साखर, साबण यांसाठी मला ही व्यवस्था आजही सर्वांत भरवशाची वाटते. जवळचा वाणी घरपोच देत असेल, तर उरलेले त्याच्याकडून घ्यावे. सुटी डाळ पसंत पडली नाही, तर त्याच्या मुलाच्या हाती ती तिथल्या तिथे परत देता येते.

प्रश्नकर्ता – दूरस्थ_मुलगा

सर्वांचे मनापासून आभार. संघाची चौकशी आजच करतो. ॲपकडे तक्रार करूनही दाद लागली नाही तर पुढे काय करावे? आणि परताव्याच्या नावाखाली आई-वडिलांना कोणी फसवील, ही धास्तीही मनात आहे.

उत्तर – लेबल_वाचक

2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि निवारण महिन्याभरात करायचे असते. म्हणून ॲपमधल्या संभाषणावर न थांबता त्या अधिकाऱ्याला लेखी ईमेल करा आणि परतावा मूळ खात्यातच हवा, असे त्यात स्पष्ट लिहा. तरीही काही झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.

फसवणुकीची आपली धास्ती योग्यच आहे. ग्राहक सेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, कारण तिथे भामट्यांनी पेरलेले क्रमांक असतात. तो ॲपमधूनच घ्यावा. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. हे दोघांनाही फोनवर समजावून सांगाच, पण कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी लावायलाही सांगा, आणि त्याखाली सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा क्रमांकही लिहा. मागणी आपणच नोंदवत असल्यामुळे पैसे आपल्या खात्यातून आधीच भरून टाकले, तर दारात आलेल्या कोणालाही पैसे देण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे उरणार नाही.