मदत हवी आहे: ४०५ नॅनोमीटर लेझर, डिस्टिल्ड पाण्यालाही सिग्नल येतोय

धागाकर्ता:
नाल्याच्या पाण्यात गॅरेजचं जळकं ऑइल मिसळतंय का, हे लेझरने बघायचंय; लेझर पडला की ऑइल स्वतः वेगळ्या रंगात चमकतं, ती चमक मोजायची. जोडणी: ४०५ नॅनोमीटरचा ५ मिलिवॉट डायोड, १ सेंमीची पॉलिस्टायरीन (प्लॅस्टिक) क्युवेट, म्हणजे नमुन्याची चौकोनी डबी, लेझरच्या ९० अंशात बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (प्रकाश मोजणारा भाग), त्यापुढे पिवळा जिलेटिन कागद, सिग्नल वाढवणाऱ्या अँप्लिफायरला १० मेगाओमचा रोध. डिस्टिल्ड पाण्याला १८० मिलिव्होल्ट, नाल्याच्या पाण्याला २१०. डिस्टिल्डला शून्य यायला नको का? आणि नायट्रेटही यातच कळेल का?

प्रतिसाद १:
शून्य येणारच नाही. पाण्याचं स्वतःचं रामन विकिरण असतं, म्हणजे पाण्याचे रेणू थोडा प्रकाश तरंगलांबी बदलून विखुरतात; ४०५ च्या लेझरला ते ४७० नॅनोमीटरच्या आसपास पडतं. पण तुमच्या जोडणीत ते फार तर दोन-चार मिलिव्होल्ट भरेल. बाकीची गळती, म्हणजे फोटोडायोडवर पडणारा नको तो प्रकाश.

कुठली, ते असं शोधा: लेझर बंद, लेझर चालू पण क्युवेट नाही, रिकामी क्युवेट, मग पाणी भरून. उडी जिथे दिसेल तिथे दोष. माझा संशय क्युवेट आणि कागदावर. पॉलिस्टायरीन स्वतः चमकतं, आणि जिलेटिन कागद ४०५ पुरता अडवत नाही, वर त्याचा रंगही चमकू शकतो. काचेची क्युवेट घ्या, पण चारही बाजू पारदर्शक असलेली. दोन बाजू दुधी असलेली ९० अंशात कुचकामी. कागदाऐवजी ४७० आणि ५२० नॅनोमीटरचे इंटरफेरन्स फिल्टर (फक्त त्या तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश सोडणारे) आलटून पालटून लावा.

नायट्रेट चमकत नाही, ते विसरा.

धागाकर्ता:
रिकाम्या क्युवेटलाच १५० येतात! म्हणजे ४७० चा फिल्टर पाण्याचं रामन मोजायला? ते तर नकोच आहे ना?

प्रतिसाद १:
उलट तीच तुमची मोजपट्टी. लेझर मंदावला, पाणी गढूळ निघालं, तर दोन्ही आकडे साधारण बरोबरीने घसरतात. म्हणून ५२० चा आकडा ४७० च्या आकड्याने भागून नोंदवा. ऑइलची चमक थोडी ४७० मध्येही शिरते, म्हणून नमुना फार चमकत असेल तर पातळ करा. लेझर ७३० हर्ट्झने (सेकंदाला ७३० वेळा) चालू-बंद करून फरक वाचा, दिव्यांची १०० हर्ट्झची थरथर निघून जाते.

प्रतिसाद २:
एक मोठी मेख राहिली. कुजलेल्या पानांचा अर्कही ४५० ते ५५० मध्येच चमकतो, त्यामुळे नुसत्या गुणोत्तरावरून ऑइल म्हणता येणार नाही. १०० मिली पाणी १० मिली हेक्झेनबरोबर (पाण्यात न मिसळणारं द्रावक) विभाजन नरसाळ्यात (खाली तोटी असलेलं, थर वेगळे करायचं काचपात्र) दोन मिनिटं हलवा, थर वेगळे होऊ द्या, वरचा थर काचेच्या क्युवेटमध्ये वाचा. ऑइल हेक्झेनमध्ये येतं, पानांचा अर्क बहुतेक पाण्यातच राहतो. आधी कोऱ्या हेक्झेनचं ५२० चं रीडिंग घ्या आणि वजा करा; इथे पाण्याची मोजपट्टी नाही, त्यामुळे भागाकार नको. सिरिंज फिल्टरने आधी गाळू नका, ऑइलचे थेंब त्यालाच चिकटतात. नमुना काचेच्या बाटलीत. तुलनेला नाल्याच्या प्रवाहात गॅरेजच्या वरच्या अंगाचाही एक घ्या.

हेक्झेन पेट घेतं, खिडक्या उघड्या ठेवा. ४०५ डोळ्याला मंद दिसतो म्हणून बेफिकीर राहू नका, गॉगल त्याच तरंगलांबीचा हवा.