महाराजाच्या चित्राला पाच वर्षांची अट, माणसांना एक वर्षाची: हे बरोबर होतं का?

सांताक्रूझकर

एअर इंडियाच्या विक्रीच्या अटींवर इथे फारसं कोणी बोललेलं दिसत नाही, म्हणून हा धागा. टाटांची बोली 18,000 कोटींची होती. त्यातलं 15,300 कोटींचं कर्ज आणि 2,700 कोटी रोख. 27 जानेवारी 2022 ला कंपनी त्यांच्या ताब्यात गेली. सोबत आठ बोधचिन्हं गेली. पाच वर्षं ती दुसऱ्या कोणाला देता येणार नाहीत, आणि त्यानंतरही द्यायची तर भारतीयालाच, अशी अट सरकारने घातली.

आता माणसांचं बघा. तेव्हा एअर इंडियात 12,085 लोक होते, 8,084 कायम आणि 4,001 कंत्राटी. त्यांच्यासाठी अट अशी की एक वर्ष कोणाला काढायचं नाही, आणि दुसऱ्या वर्षी कपात करायचीच झाली तर आधी स्वेच्छानिवृत्ती देऊ करायची. कलिन्यातल्या वसाहतीत राहणाऱ्यांना तर खाजगीकरणानंतर सहा महिन्यांत घरं सोडा, असं आधीच सांगून झालं होतं.

कंपनीचे अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी 1946 मध्ये महाराजा, म्हणजे एअर इंडियाची ओळख बनलेलं ते चित्र, उभा केला. पण त्या नावाला किंमत आली ती हँगरमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांमुळे. मग चिन्हाला पाच वर्षं आणि त्यांना एकच का? युनियनशी झालेले करारही चिन्हांसारखेच, ठरावीक मुदतीसाठी नव्या मालकावर बंधनकारक करायला हवे होते, असं माझं ठाम मत आहे.

विवेक_डोंबिवली

अजिबात पटलं नाही. ही कंपनी दिवसाला सुमारे 20 कोटी तोट्यात होती आणि तो पैसा तुमच्या-माझ्या करातून जात होता. एकूण 61,562 कोटींच्या कर्जापैकी 46,262 कोटी शेवटी सरकारच्याच गळ्यात राहिले. एवढं झाल्यावर खरेदीदाराला "जुने सगळे करार जसेच्या तसे पाळा" म्हटलं असतं तर कोण आलं असतं? 2018 मध्ये एकही बोली आली नव्हती, हे विसरू नका.

आणि युनियनचं एवढं कौतुक कशाला? 2012 मध्ये वैमानिकांचा संप 58 दिवस चालला. मागणी काय, तर नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना देऊ नका. तिथे कामगार मालकाविरुद्ध भांडतच नव्हता, एक वैमानिक दुसऱ्या वैमानिकाला अडवत होता. भर सुट्टीच्या मोसमात प्रवाशांचे हाल झाले, ते कोणत्या करारात बसतात?

सांताक्रूझकर

विवेकराव, तुमचंच उदाहरण घेतो. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन्ही कंपन्या एक झाल्या. शेपटीवर नवा हंस आणि त्यात कोणार्कचं चक्र लगेच आलं. पण पगार, बढती, ज्येष्ठता यांचे दोन वेगवेगळे करार तसेच चालू राहिले. त्यांचा मेळ कसा घालायचा हे सांगणारा न्या. धर्माधिकारी समितीचा अहवाल जानेवारी 2012 मध्ये आला. रंग बदलायला काही महिने आणि ज्येष्ठता यादीला पाच वर्षं! त्या पाच वर्षांत दोन्हीकडचे वैमानिक एकमेकांकडे कसे बघायला लागले असतील? संपाची बीजं तिथेच पडली.

युनियन नसली की विमानं वेळेवर सुटतात, हेही खरं नाही. टाटांच्याच विस्तारा या विमान कंपनीत 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये उड्डाणं धडाधड रद्द झाली. एअर इंडियातल्या विलीनीकरणाआधी वैमानिकांचा हमीचा पगार महिन्याला 70 उड्डाण तासांऐवजी 40 तासांवर आणला, त्यातून ती नाराजी होती. तिथे संपाची नोटीस नव्हती की बोलायला मान्यताप्राप्त युनियन नव्हती. लोक कामावर आलेच नाहीत.

रोहिणी

जुन्या करारांचं इतकं गोड चित्र मला बघवत नाही. हवाई सुंदरींना पस्तिशीला घरी पाठवणारे, पहिल्या गरोदरपणात नोकरी काढून घेणारे नियम याच कंपनीत होते. गरोदरपणाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला. वयाच्या अटीला मात्र त्याच निकालात मोठा आधार मिळाला. पुढे 2003 च्या निकालात बायकांनी 50 ला उडणं थांबवायचं आणि पुरुषांनी 58 पर्यंत उडायचं, हे टिकलं. कारण काय दिलं? युनियनने तसा करार केला होता!

सही करणाऱ्यांत आम्ही किती होतो? करार टिकवा म्हणण्याआधी तो कोणी, कोणाच्या वतीने केला ते विचारा. माझा युनियनला विरोध नाही. पण ज्या करारात निम्म्या केबिन क्रूचा बळी गेला, तो वारसा म्हणून जपायचा मला उत्साह नाही.

खारघरचे वकील

रोहिणीताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याला उत्तर सोपं नाही. मी फक्त कायद्याची बाजू मांडतो.

औद्योगिक विवाद कायदा 1947 च्या कलम 18(3) प्रमाणे समेट अधिकाऱ्यासमोर (मालक-कामगार वाद मिटवणारा सरकारी अधिकारी) झालेला करार मालकाच्या उत्तराधिकाऱ्यावरही बंधनकारक होता. शिवाय कलम 19(2) नुसार मुदत संपली तरी तो आपोआप मरत नव्हता, रीतसर नोटीस देऊन दोन महिने जावे लागत. म्हणजे सांताक्रूझकर, तुम्ही मागताय त्यातलं बरंचसं कायद्यात होतंच. विक्रीच्या अटींत वेगळं लिहायची गरज नव्हती.

खरा फटका दुसरीकडे बसला. पगारवाढ आणि बढतीबद्दल कर्मचाऱ्यांनी कंपनी सरकारी असताना मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका (मुख्यतः सरकार किंवा सरकारी संस्थांविरुद्ध चालणाऱ्या) केल्या होत्या. कंपनी खाजगी झाल्यावर त्या चालणारच नाहीत, असं उच्च न्यायालयाने 2022 मध्ये ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये ते कायम केलं. दाखल केली तेव्हा याचिका योग्य होती, सुनावणीपर्यंत मालक बदलला. हे कोणाला न्याय्य वाटतं, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

विवेक_डोंबिवली

याचिकांचं मान्य, ते वाईटच झालं. सरकारने विक्रीआधी ती प्रकरणं निकाली काढायला हवी होती. तरी मूळ मुद्दा सोडत नाही. किंगफिशर विमान कंपनी आठवा. बँकांनी त्या नावावर कर्ज दिलं, नावाचं मूल्यांकन 4,000 कोटींच्या वर झालं होतं. 2016 मध्ये ट्रेडमार्क लिलावात काढले, राखीव किंमत 366.70 कोटी, आणि एकही बोली नाही. नाव कागदावर कितीही मोठं असो, विमान उडेनासं झालं की कामगाराच्या थकलेल्या पगाराला ते उपयोगी पडत नाही. म्हणून आधी कंपनी जगवा, करार नंतर.

पहाटपाळी

बराच वेळ वाचतोय, आता लिहितो. मी विमानतळावर ठेकेदाराकडे लोडर आहे. पहाटे साडेतीनला बेल्टवर उभा असतो. माझ्या जॅकेटवर विमान कंपनीचं चिन्ह आहे, पगाराच्या पावतीवर ठेकेदाराचं नाव. ठेका बदलला की तेच गेट, तेच आम्ही, फक्त पास नवा आणि नोकरी पहिल्या दिवसापासून. पाच वर्षं सलग भरतच नाहीत, मग ग्रॅच्युइटी कसली?

चिन्ह मळलं तर सुपरवायझर जॅकेट लगेच बदलून देतो. पावसाळी बूट मागून घ्यावे लागतात.

विवेकदादा, कंपनी जगवा म्हणता ते ठीक. पण ती जगली तेव्हा आमचं काय बदललं?

खारघरचे वकील

पहाटपाळी, तुमच्यासाठी बातमी चांगली नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटीला बसते. तसं कोणी नसेल तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या युनियनची मिळून वाटाघाटी परिषद. विमान कंपनीत वैमानिक, इंजिनिअर, केबिन क्रू यांच्या युनियन वेगवेगळ्या, त्यामुळे बहुधा परिषदच होईल. पण मस्टर त्या आस्थापनेचं धरतात. तुमचं नाव ठेकेदाराच्या मस्टरवर असेल, तर विमान कंपनीच्या मोजणीत तुम्ही येत नाही.

रोहिणी

मग वकीलसाहेब, पुढचा करार होईल तेव्हा त्यात कंत्राटी माणसांचं एक तरी कलम घाला, अशी मागणी कायम असलेल्यांच्या युनियनला करता येते ना? कायद्याने अडतं का?

खारघरचे वकील

नाही, अडत नाही. मागता येते.